चेटकिनीचं नाक

उंबऱ्यावर पाय ठिवला न ठिवला, तवर आतनं किंकाळी आली.

"त्या नको! आत्याबाई, त्यांना आत घेऊ नका!"

माझा एक पाय उंबऱ्यात, एक वट्ट्यावर. हातात तेलाची वाटी, काखंत फडक्यांचं गठुडं. जागच्या जागी थिजले. सुईन म्हनून निम्म्या गावाची पोरं मी ह्या हातानं काडली. आडलेल्या बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या, मला शिव्या दिल्या, एकीनं तर दंडाला चावा घेतला. पन 'आत येऊ नको' असं कुनी म्हनलं नव्हतं.

"कळ आलीया, म्हनून बडबडती," मी म्हनले.

"कळ नाही!" आतनं रतन वरडली. "तुम्ही जा!"

रतन म्हंजी बनाक्काची सून. वाईची पोरगी, सातवीपतुर शिकल्याली, बोलनं साखरंवानी. पहिलटकरीन. तिसऱ्या म्हयन्यापासनं मी तिच्या पोटाला तेल लावत व्हते. मी गेले की तिची कळी खुलायची. "मावशी, आज काय झालं सांगा की," म्हनायची. मंग मी गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायची आन् ती पोट धरून हसायची, तवर बनाक्काची नाहीतर आबाची हाक यायची, "आगं ए रतन!" ती पोरगी आज मला दारातनं हाकलत व्हती.

बनाक्का भाईर आली. तोंडाला फेस यायचाच बाकी.

"सारजे, मनावर घिऊ नगंस. पहाटंपासनं कळा देतीया आन् तुझं नाव काडलं की अशी पिसाळती."

"कशापायी पन?"

बनाक्कानं हिकडं तिकडं बगितलं. मंग खालच्या आवाजात म्हनाली, "त्ये पुस्तक गं. त्यातली तू."

वट्ट्यावर रतनचा सासरा, आबा, पान जुळवत बसला व्हता. त्यानं वर न बगता सांगितलं, "दिस कलायच्या आत सुटली तर ठीक. न्हाईतर मी वरल्या वाडीचा देवऋषी आनतो. मंग त्यो कुनाचं नाव घील, त्ये मला ठावं न्हाई."

त्याला चांगलं ठावं व्हतं. मलाबी. देवऋषी आला म्हंजी दाने टाकनार, घुमनार, आन् ज्या बाईकडं गावाची बोटं आधीच वळल्याली त्याच बाईचं नाव घेनार. आन् त्यो दाने टाकंस्तवर आत त्या पोरीचं काय व्हईल? सरकारी नर्सबाई दिवाळीला म्हायेरी गेल्याली. वसुबारसंचा दिस, गाड्या समद्या बाजाराला, रतनचा दादलाबी तिकडंच. सुईन म्हनून गावात मी एकटी. मी आत न्हाई गेले तर ती दोन जिवांची पोर तशीच तडफडनार.

मी वट्ट्याखाली उतरले आन् गायीजवळ बसले. माझी नेमाची जागा तीच. आमी मांगवाड्यातली मानसं, एरवी आबा पाटलाच्या वट्ट्यालाबी आमचा पदर लागू द्यायचा न्हाई. बाळंतपन निघालं की मातुर सरळ माजघरात. त्या दिशी विटाळ कुटं जायचा, देव जाने.

आता त्या पुस्तकाचं सांगते, न्हाईतर तुमाला काय उमगायचं न्हाई.

आदल्या साली दसरा झाल्यावर मी माझ्या खोपटापुढं शिंदीची पानं चिरत बसले व्हते. दिवाळीला घराघरात नवी केरसुनी लागती, लक्ष्मी म्हनून पुजायला. त्या दिवसांत आमच्या हाताला उसंत नसायची. खोपटाच्या वळचनीला वाळलेलं भोपळं टांगलेलं, आत पुढल्या सालचं बी. एक मानूस सायकलवरनं चालला व्हता. त्यो पुढं गेला, थांबला, माघारी आला. धोतर, कोट, गळ्यात झोळी. माझ्याकडं बगत नुसता हुभा.

"काय पायजे? केरसुनी?" मी इचारलं.

"बाई, तुमचं नाक," त्यो म्हनाला.

"आं?"

"तुमचं नाक मला हवं आहे. म्हणजे चित्रासाठी. मी अभ्यंकर. पुण्याला मुलांच्या दिवाळी अंकात चित्रं काढतो. चेटकिणीची गोष्ट आहे. वर्षभर असं नाक शोधतोय मी!"

माझं नाक म्हंजी बगा, पोपटाची चोच. लगीन ठरताना माझ्या सासूनं इचारलं व्हतं, आधी नाक घरात येनार का पोरगी. मला त्याचं कवा वाईट वाटलं न्हाई. पन नाक आवडलं म्हनून सायकल वळीवनारा ह्यो पहिलाच.

"चेटकीन म्हना नाहीतर हडळ म्हना," मी म्हनले, "पन माझं काम थांबनार न्हाई. बसा तितं धोंड्यावर आन् काडा."

चार-पाच दिस येत व्हता चितारी. झोळीत एक जुनं इंग्रजी पुस्तक, पानं हळदीवानी पिवळी. मधीमधी पातळ कागदाखाली रंगीत चित्रं. काय ती चित्रं! झाडं बोटं पसरून हुबी, ढगांना डोळं, बेडकाच्या हातात कंदील, आन् एक म्हातारी टोकदार टोपी घालून झाडनीवर बसून उडतीया.

"अशी बसाल का जरा?" त्यानं माझीच एक केरसुनी उचलून इचारलं. "पाय दोन्हीकडं टाकून?"

मी त्याच्या हातातनं हिसकली. "लक्ष्मी हाय ती! पाय लागला तर आपन पाया पडतो, आन् तुमी तिच्यावर बूड टेकाया सांगता?"

"अहो, पण चेटकीण उडणार कशी मग?"

"चालत जाईल. पाय मोडल्यात का तिचं?"

त्यो हसत सुटला. मंग म्हनाला, भोपळ्याला डोळं-तोंड कोरून आत दिवा ठेवूया. मी म्हनले, भोपळ्यात बी हाय, दिवा तुमच्या टोपीत ठिवा. शेवटाला असं ठरलं की चेटकिनीनं आपल्या दारातला पाला झाडत हुबं राहायचं. मंग मलाच चेव आला. वाळल्या गवताचं एक घुबड वळलं, त्याला गुंजांचं डोळं लावलं. सागरगोट्यांची माळ केली, करंजाच्या शेंगांचं तोरन केलं. समदं वळचनीला टांगलं. चितारी म्हनाला, "बाई, तुम्ही मागच्या जन्मी खरंच चेटकीण असणार." मी म्हनले, "मागच्या कशाला? च्या पाजा, ह्याच जन्मी व्हते."

ह्या साली दिवाळीच्या तोंडाला त्यो अंक छापून आला. रतनच्या दादल्यानं वाईच्या बाजारातनं तिला आनून दिला. मंग काय, गावभर फिरला. मी मनात म्हनले व्हते, नाक तेवढं घील आन् बाकी दुसरं काय तरी काडंल. पन न्हाई. समदी मीच! मागं शेंदरी चंद्र, खोपट, भोपळं, घुबड, आन् मी केरसुनी घिऊन हुबी. पोरं मला बगून "चेटकीन आली, चेटकीन आली" करत पळायची. मीबी बोटं वाकडी करून "खाते थांब!" म्हनायची. ती चड्डी सावरत पळायची आन् कोपऱ्यावरनं परत यायची. मजा चालली व्हती.

पन मोठ्या मानसांतली काय काय हसायची बंद झाली. कुनाची म्हस आटली. कुनाच्या पोराला ताप भरला. आबानं एक दिस माझ्यादेखत म्हनलं, "उगंच कुनी कुनाचं चित्र काडत न्हाई." मी ऐकून सोडून दिलं. पन रतनबी तसंच मानती, हे मात्र मला त्या दारातच कळलं.

असो. तर मी गायीजवळ बसलेली. माजघराची लहानगी खिडकी माझ्या डोक्यावर. आतलं समदं ऐकू येत व्हतं.

"बनाक्का," मी खालनं सांगायची, "कंबर चोळा. वर न्हाई, खाली, माकडहाडापाशी."

"चोळतीया गं बया. माझंच हात भरून आल्यात."

"पानी पाजा घोट घोट. पालथी घाला, गुडघ्यावर."

"ऐकंल तर ना!"

दुपार कलंडली. कळा जवळजवळ आल्या व्हत्या, तरी पोर खाली सरकत नव्हतं. मी कान दिऊन ऐकत ऱ्हायले. कळ आली की बाई हुंकार देती, खाली जोर लावती. ही प्रत्येक कळंला श्वास वर वढून धरीत व्हती. दात-ओठ खाऊन. मला वाटलं, अरं, हे पोर आडलं न्हाई. हिनं धरून ठिवलंया!

आबा वट्ट्यावरनं उठला. पायात व्हाना घातल्या, काठी घेतली.

"आबा, घटकाभर थांबा," मी म्हनले.

"किती थांबू? माझं नातवंड हाय त्ये."

"जाऊन यायला तुमाला संध्याकाळ व्हईल. तवर कुनाचं नातवंड आन् कुनाचं काय. पानाचा एक इडा खावा. त्यो संपला की जावा."

आबानं माझ्याकडं बगितलं. मंग काठी न ठिवता तसाच टेकला आन् चुन्याची डबी उघडली.

मी दगडावर चढले आन् खिडकीला तोंड लावलं. आत अंधारगुडूप. "बनाक्का, जरा चुलीवरलं पानी बगून या," मी म्हनले. बनाक्का गेली.

"रतन."

"मावशी, जा ना." आवाज रडवेला.

तितं माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशी! ज्या बाईला आपन चेटकीन समजतो तिला कुनी मावशी म्हनतं व्हय?

"तू मला भितीस का गं?"

"नाही."

"मंग काय झालं?"

कळ आली. तिनं परत श्वास वढला आन् कोंडून धरला. मी खिडकीचा गज आवळून हुबी. कळ गेली तशी ती हुंदके द्यायला लागली.

"मी बघितलं, मावशी."

"काय बगितलं?"

"ते चित्र. रोज बघितलं. आत्याबाईंनी माझ्या उशाला बाळकृष्णाची तसबीर लावली होती. म्हणाल्या, पोटुशीनं उठल्या उठल्या त्याच्याकडं बघायचं, म्हणजे मूल तसं होतं. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. सगळे झोपले की अंक काढायची आणि तुमच्याकडं बघत बसायची."

"बरं मंग?"

"मग काय! तेच तोंड होणार ना बाळाचं! तेच नाक! आबा त्या दिवशी म्हणाले, पोरात काही वावगं निघालं तर सारजीला गावात ठेवायची नाही. मी ऐकलंय. तुम्ही इथं असलात आणि बाळ तसं निघालं तर तुम्हाला हाकलतील. मारतील सुद्धा. तुम्ही नसलात तर मी सांगेन, मावशी आल्याच नव्हत्या म्हणून. जा तुम्ही. लांब जा."

मी दगडावर हुबी. हसू का रडू, मला उमगंना. ही एवढीशी पोर पहाटंपासनं एकटी मरनाच्या दारात तडफडतीया, कशापायी, तर माझ्या अंगाला झळ लागू नये म्हनून!

"आगं येडे," मी म्हनले, "मला पोरं किती?"

"तीन."

"कुनाच्या पोटची?"

"तुमच्याच."

"त्या तिघांच्या येळंला म्या माझंच त्वांड घिऊन फिरले का न्हाई? न्हवऱ्यानं रोज हेच नाक बगितलं. पान्यात बगितलं तरी हेच, आरशात बगितलं तरी हेच. सांग, माझ्या तिघांत कुनाला हे नाक आलंय?"

मी बोटावर मोजाय लागले.

"थोरल्याचं बसकं," मी म्हनले. "मधलीचं नकटं. धाकट्याचं तर हाय का न्हाई त्येच कळत न्हाई, नुसती दोन भोकं. सोताच्या रगतामांसाला म्या हे नाक दिऊ शकले न्हाई, आन् तुझ्या पोराला कागदातनं पोचवू व्हय? एवडी ताकद असती तर पहिलं त्या चिताऱ्याला नसतं का लावलं?"

आतनं आवाज आला. मला वाटलं रडतीया. पन ती हसत व्हती. हसता हसता कळ आली आन् ह्या येळंला तिनं श्वास वर वढला न्हाई. हसनाऱ्या मानसाला श्वास कोंडताच येत न्हाई. पोटातनं असा हुंकार दिला की गायीनं मान वर केली.

"मावशी! या आत! या ना लवकर!"

बनाक्का पान्याचं भगुनं घिऊन दारात, आन् मी तिला ढकलून आत.

त्यानंतरचं समदं घाईचं. डोकं दिसत व्हतं. काळं केस, ओलं. "आता लाव जोर. आता धरू नगंस, सोड. सोड म्हनते ना!" डोकं भाईर आलं. नाळंचा येढा गळ्याला, दोन येळा. मी बोट घातलं, एक येढा डोक्यावरनं काडला. दुसरा घट्ट. रतनला म्हनले, "थांब. आता नगं जोर लावूस. फू फू कर, इस्तू फुकल्यासारखी." तिनं केलं. कसं केलं तिचं तिलाच ठावं. दुसरा येढा बोटाला आला, सुटला, आन् पोर माझ्या हातात पडलं.

निळं. गप्प.

बनाक्का भिंतीला टेकून "आई भवाने, आई भवाने" म्हनाय लागली.

"भवानीला नंतर बोलवा! ताट घ्या, पळी घ्या, वाजवा!"

तिनं पितळंचं ताट असं बडवलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी पोराच्या तोंडात बोट फिरवून घान काडली, उलटं धरलं, पाठ चोळली, पायाच्या तळव्यांना टिचक्या मारल्या. काय न्हाई. परत चोळली. रतन कोपरावर उठून बगत व्हती, आवाज न करता. मी वाकले आन् पोराच्या नाकातोंडावर माझं त्वांड ठिवलं, अलगद फुकर मारली. एकदा. परत.

पोर शिंकलं. मंग त्यानं जी बोंब ठोकली, ती ऐकून बनाक्काच्या हातनं ताट पडलं.

"पोरगी हाय," मी म्हनले. मी खालीच बसले.

"नाक," रतन म्हनाली. "मावशी, नाक बघा."

मी पोरीला उजेडाकडं धरलं. सुजलेलं डोळं, चेपलेलं डोस्कं, अंगाला सुरकुत्या. आईच्या पोटातनं येनारं पोर काय राजकन्या असतं? समदी अशीच येत्यात. नाकाच्या जागी एक चिमुकला बटाटा.

"बस, बटाटा," मी सांगितलं. "तूच बग."

पोरगी मी तिच्या छातीवर ठिवली. तिनं बोटाच्या टोकानं त्या नाकाला हात लावला आन् मंग जी रडायला लागली ती थांबंचना. बनाक्कानं तिच्या केसावरनं हात फिरवला. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदाच म्हना.

नाळ कापून, पोरीला पुसून, फडक्यात गुंडाळून मी भाईर आनलं. आबा हुबा, हातात काठी, गालात पान. इडा अजून संपला नव्हता. चघळायचाच इसरला असनार.

त्यानं पोरीच्या तोंडाकडं बारीक बगितलं.

"कुनावर गेलीया?" त्यानं इचारलं.

"आता सध्या तुमच्यावर, आबा," मी म्हनले. "दात न्हाईत, टकलावर चार केस आन् उठल्यापासनं वरडतीया."

माजघरातनं बनाक्का पहिली हसली. पदरात त्वांड दडवून, पन हसली. आबाच्या मिशा हलल्या. त्यानं पानाची पिंक अंगनात टाकली, काठी भिंतीला लावली आन् दोन्ही हात पुढं केलं. माझ्या हातनं पोर घेतलं. घेताना माझ्या हाताला त्याचा हात लागला, पन त्यानं मागं घेतला न्हाई.

"जा गं कुनीतरी," त्यो वरडला, "गुळाची ढेप फोडा! वसुबारसंला आलीया पोर!"

मी परत आत गेले. रतनला पुसून, कोरडं लुगडं नेसवून, पाठीशी उशी लावली. तिचं डोळं मिटत व्हतं. मला राहवलं न्हाई. तसं बगितलं तर ते चित्र भेसूरच, निम्मी पोरं त्याला भेत व्हती.

"का गं," मी हळूच इचारलं, "एवडं काय व्हतं त्यात? रोज रोज बगायला?"

तिनं डोळं उघडलं. जरा लाजली.

"ती एकटीच असते ना हो त्या घरात," ती म्हनाली. "आपलं आपलं अंगण झाडते. घुबड करते. कुणी तिला हाकच मारत नाही. सगळ्या गोष्टीत एकदाही नाही. दिवसभर निवांत, मावशी. कल्पना करा."

मी उठले. तिच्या पायावर वाकळ टाकली. तवर तिचा डोळा लागला.

मी भाईर आले आन् उंबऱ्यातच हुबी ऱ्हायले. बनाक्का चुलीपाशी गूळ फोडत व्हती, आबा पोरीला घिऊन वट्ट्यावर. दोघांनाबी ऐकू जाईल अशा बेतानं मी सांगितलं,

"नाळंचा येढा व्हता पोरीला. लय जपावं लागंल. सव्वा म्हयना बाळंतिनीला कुनी हाक मारायची न्हाई."

"म्हंजी?" बनाक्का म्हनाली. "कामाला नगं लावू म्हन की. त्ये कळतंय आमाला."

"कामाला तर न्हाईच. पन हाकबी न्हाई. काय पायजे आसंल तर जवळ जाऊन, हळू बोलायचं. हाकंनं दचकली की दूद आटतं."

असं कुटं असतंय व्हय? मी तितंच हुबं राहून बनिवलं. पन जित्तं पोर हातात दिल्यावर सुइनीचा शबूद कोन मोडतं!

आबानं मान हलवली. "सारजी म्हनती तसं करा," त्यो म्हनाला.

घर एकदम शांत झालं. गाय रवंथ करत व्हती तेवडाच काय तो आवाज. गूळ ताटलीत भरून बनाक्का उठली आन् सवयीनं माजघराकडं बगून तोंड उघडलं, "आगं ए रत..."

मी तिच्याकडं बगितलं.

तिनं त्वांड मिटलं, आन् गुळाची ताटली घिऊन पायाच्या बोटावर चालत आत गेली.